अँटेनाची उंची: शून्य

पुणं दर वर्षी साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येला सरकतं. शनिवारवाडा, तुळशीबाग, सिग्नलला थांबलेले आणि न थांबलेले, सगळे एकत्र. आख्खा भारतीय भूखंडच त्या दिशेनं चालला आहे, त्याला पुणेकरांचा इलाज नाही. आता पुण्याच्या ईशान्येला आहे वाघोली. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या पुणं वाघोलीकडे सरकतंय. आम्ही हे यंत्रं लावून, वर्षानुवर्षं मोजून सिद्ध केलं. बिल्डरांना ते आमच्या आधी कसं कळलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मी एका संशोधन संस्थेत तांत्रिक सहायक आहे. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "नक्की काय करता?" मी म्हणालो, "जमीन मोजतो." ते मोजणी खातं समजले आणि फार खूश झाले. खरा प्रकार कळला तेव्हा पत्रिका छापून झाल्या होत्या.

माझ्या नोकरीतली बहुतेक वर्षं एका काँक्रीटच्या खांबाच्या सेवेत गेली. त्या खांबाबद्दल एक गोष्ट मी सतरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. नंतर ती चारचौघांत उघडी पडली, म्हणजे तब्बल साठ-सत्तर जणांत. आमच्या लिमये मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत, तेव्हा सविस्तर लिहायला हरकत नाही.

आधी धंद्याची दोन वाक्यं. आकाशातला उपग्रह आपल्याला कुठलाही रस्ता दाखवत नाही. तो फक्त सांगत राहतो की आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. तो संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून आपलं यंत्र त्याच्यापर्यंतचं अंतर काढतं. तीन उपग्रहांची अंतरं कळली की आपली जागा कळते. चौथा लागतो तो आपल्याच यंत्रातल्या घड्याळाची चूक पकडायला, कारण सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली तर अंतर एक फुटानं चुकतं. तुमच्या फोनमध्ये हेच चालतं आणि तो तुम्हाला दोन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतो. आम्हाला मिलिमीटर हवे असतात. म्हणून आम्ही यंत्र एका जागी घट्ट रोवतो आणि वर्षानुवर्षं ते ऐकत बसतो. मग खडक किती सरकतो, कुठे उचलला जातो, कुठे दबतो, ते दिसायला लागतं. घाटाकडच्या भूकंपाच्या भागातले आमचे बाकीचे खांब हलले की नाही, हे या पुण्याजवळच्या खांबाच्या हिशेबानंच ठरायचं. त्याची नोंद तुटली की सगळ्यांचा आधार गेला.

तर नव्वदीच्या दशकात अशा खांबासाठी जागा शोधत आम्ही नगर रस्त्यानं निघालो. वाघोली तेव्हा गाव होतं. खाली पक्का कातळ आणि वर मोकळं आकाश, एवढ्याच आमच्या अटी. सोपानतात्या नावाच्या शेतकऱ्याच्या रानात, विहिरीच्या वरच्या अंगाला, काळ्या दगडाचा एक उंचवटा होता. तिथे कुसळसुद्धा उगवत नव्हतं.

"कशापायी पायजे?" तात्यांनी विचारलं.

"जमीन किती सरकते ते मोजायचंय."

तात्यांचा चेहरा उजळला. "मग त्या बांधापासनं सुरू करा. माझ्या भावानं दोन वर्सांत हातभर सरकवलाय."

मी म्हणालो, "तशी नव्हे. खालच्या खडकासकट सगळी जमीन सरकते. वर्षाला पाच सेंटिमीटर."

"भावाची बी?"

"त्यांचीही. तेवढीच, त्याच दिशेला."

"म्हंजी बांध हाय तितंच." त्यांचा सगळा उत्साह मावळला. तरी जागा दिली. विज्ञानाचा आपल्याला उपयोग नाही हे कळल्यावर जागा देणारा माणूस मी तो पहिला पाहिला.

खांब छातीएवढा उंच. त्याच्या माथ्यावर पोलादी पत्रा, आणि पत्र्याच्या मधोमध आटे पाडलेला दांडा वर आलेला. त्या दांड्यावर अँटेना फिरवून बसवायची. अँटेना म्हणजे चकलीसारखी एकात एक कडी असलेली ॲल्युमिनियमची थाळी. भिंतींवर आपटून येणारे भलते संदेश ती कडी अडवतात. वरून एक पांढरं टोपडं.

दांडा काँक्रीटमध्ये बसवायचं काम माझं. काँक्रीट वाळलं आणि माझ्या लक्षात आलं की दांडा बोटभर जास्त वर राहिलाय. अँटेनाच्या पोटातलं छिद्र तेवढं खोल नव्हतं, ती दांड्याच्या टोकावर अडकली आणि पत्र्याच्या वर अधांतरी डुलायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लिमये मॅडम तपासायला यायच्या होत्या. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. उंची पाच फूट, आवाज बारीक, आणि नियम एकच: खांबाला हात लावला तर वहीत लिहा, नुसता पुसला तरी लिहा. दांडा कापावा तर आटे बिघडणार. मी खांबाशेजारी डोकं धरून बसलो.

तात्या बैलांना पाणी दाखवून आले, त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "खाली चकती घाल की. त्यात रडायचं काय?"

मला मोटारसायकलवर मागे बसवून त्यांनी नगर रस्त्यावरच्या एका लेथवाल्याकडे नेलं आणि पितळेची एक जाड चकती कातून घेतली. ती दांड्यात ओवली, वरून अँटेना आवळली. आता हत्तीनं धक्का दिला असता तरी हलली नसती. टोपड्याची झालर खाली आल्यावर चकती दिसतही नव्हती.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो: 'अँटेनाची उंची'. म्हणजे पत्र्यापासून अँटेनाच्या बुडापर्यंतचं अंतर. अँटेना थेट पत्र्यावर बसली असेल तर शून्य. मी चकतीची जाडी मोजून लिहायला हवी होती. पण ती लिहिली असती तर चकती का, हा प्रश्न आला असता, आणि त्याच्या मागून दांडा आला असता. मी चोवीस वर्षांचा होतो आणि नोकरी कायम व्हायची होती. मी लिहिलं: शून्य.

मॅडम आल्या. अँटेना हलवून पाहिली, वही पाहिली आणि म्हणाल्या, "छान बसलीय." मॅडमच्या तोंडून 'छान' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो त्या शून्यासाठी होता.

त्या शून्यानं काही बिघडलं का? नाही, आणि तीच तर पंचाईत. आम्हाला मोजायचं होतं सरकणं. उंचीत कायमची तेवढीच चूक असली तर दर वेळी ती आपोआप वजा होते. यंत्र दोनदा बदललं, अँटेना तीच राहिली. सतरा वर्षांत तो खांब पाऊण मीटरहून जास्त सरकला, जगभरच्या संशोधकांनी त्याची आकडेवारी वापरली, आणि मी चकती विसरलो. अगदी प्रामाणिकपणे विसरलो.

मधल्या काळात खराडीत काचेच्या इमारती आल्या, त्यात काम करणारी मुलं आली, आणि त्यांना राहायला वाघोली आली. तात्यांच्या मुलांनी जमीन बिल्डरला द्यायचं ठरवलं. तात्यांनी खरेदीखतात एक कलम घालायला लावलं: खांब आणि त्याभोवतीची तीन फूट जागा, खांबावरील यंत्र चालू असेपर्यंत, कोणी हलवू नये. बिल्डरचा वकील हसला. तात्या त्याला म्हणाले, "तितं कदी काय उगवलं न्हाय. ह्ये एकच उगवलंय. ऱ्हाऊ द्या."

तीन बाजूंना तीन बारा मजली इमारती उभ्या राहिल्या. मधल्या पार्किंगमध्ये आमचा खांब, भोवती पिवळा पट्टा. तात्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. त्यांच्या गॅलरीतून खांब दिसायचा. रान नव्हतं, पण रानाचा तेवढा तुकडा दिसायचा.

खांब वाचला, पण त्याचं आकाश गेलं. विहिरीच्या तळाशी बसून वर पाहावं तसं त्याला आता दिसत होतं. जुनं यंत्र फक्त अमेरिकेचे उपग्रह ऐकायचं. त्यातले दिवसाच्या काही वेळी तीनच दिसायचे, आणि तिघांत भागत नाही. नोंदीत भोकं पडायला लागली.

याच सुमारास सोसायटीचे अध्यक्ष आपटे यांचं पत्र आलं. आपटे खडकीच्या एका कारखान्यातून तपासणी विभागात आयुष्य काढून निवृत्त झालेले. पत्र चार ओळींचं: 'जनरेटरसाठी जागा हवी आहे. कलमानुसार यंत्र चालू असेपर्यंतच खांबास संरक्षण आहे. आपले यंत्र अधूनमधून चालते असे समजते. अधूनमधून चालणाऱ्यास आम्ही चालू म्हणत नाही. रविवारी दहा वाजता सभेत खुलासा करावा.' आम्ही महिनाभराची मुदत मागून घेतली.

उपाय होता. आकाशात आता अमेरिकेचे एकट्याचे उपग्रह राहिले नव्हते. रशियाचे होते, युरोपचे आणि चीनचे होते, आणि आपले स्वतःचे सात. सगळ्यांचं ऐकणारं नवं यंत्र आणलं तर त्या विहिरीतूनही पुरेसे दिसणार होते. आपले सात तर भारताच्या डोक्यावरच्या पट्ट्यात ठाण मांडून असतात, बारा मजल्यांच्या वरून थेट डोकावतात.

पण पाच घरची माणसं एका पंगतीला बसवायची म्हणजे काय, हे ज्यानं लग्नाचं कार्य काढलंय त्याला विचारा. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. रशियाचं मॉस्कोच्या वेळेला बांधलेलं आणि पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला अधूनमधून जगाबरोबर एक सेकंद वाढवून घेणारं. अमेरिकेचं तसं काही न मानणारं. चीनचं अमेरिकेच्या चौदा सेकंद मागे. पृथ्वीचा मध्य नेमका कुठे धरायचा, यावरही प्रत्येकाचं थोडं थोडं वेगळं मत. मग करायचं काय? प्रत्येक घराचं घड्याळ किती पुढे-मागे आहे, हे आणखी एक अज्ञात धरायचं. म्हणजे प्रत्येक घरातला एक उपग्रह आपल्या घरचं घड्याळ सांगण्यातच खर्ची पडतो आणि उरलेले कामाला लागतात. पृथ्वीच्या मध्याचा वाद जगभरचे संशोधक मिटवतात. आमच्यासारखे शेकडो खांब एकत्र धरून ते सगळ्यांचे मार्ग एकाच मापात बसवून देतात. ज्या देशांचं बाकी कशातच पटत नाही त्यांचे उपग्रह आमच्या गणितात मुकाट शेजारी बसतात.

जुन्या अँटेनाला हे नवे आवाज ऐकू येत नव्हते, म्हणून तीही बदलावी लागली. एका शुक्रवारी दुपारी मी यंत्र आणि अँटेना दोन्ही बदलली. नव्या अँटेनाच्या पोटातलं छिद्र खोल होतं. ती दांड्यावरून सरसर उतरली आणि थेट पत्र्यावर बसली. किती सुबक, म्हणून मी खूश झालो. वहीत लिहिलं: अँटेनाची उंची, शून्य. या वेळी ते खरं होतं.

आठवड्यानं आकडे आले. आकाशातली भोकं बुजली होती, नोंद अखंड होती. फक्त खांब सोळा मिलिमीटर खाली गेला होता. एका दुपारीत.

हे मी तात्यांना सांगायला नको होतं. तात्यांनी ते बागेत बाकावर सांगितलं. तिथून ते सोसायटीच्या ग्रुपवर गेलं, आणि संध्याकाळी मला कळलं की बी विंग दीड सेंटिमीटर खचली आहे.

मी मॅडमकडे धावलो आणि ताबडतोब परदेशांवर खापर फोडलं. "मॅडम, नव्या उपग्रहांची जुळवणी बिघडली असणार. बहुतेक रशियन घड्याळ."

मॅडमनी आठवडाभराची आकडेवारी घेतली आणि प्रत्येक देशाचं गणित वेगळं मांडलं. फक्त अमेरिका. फक्त रशिया. फक्त युरोप. फक्त चीन. एकेकट्याला आकाश अपुरं पडत होतं, म्हणून वेळ लागला. आपले सात थोडे अडखळले. शेवटी मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला. पाचही ओळींत उत्तर एकच: सोळा मिलिमीटर खाली, थोडं इकडेतिकडे.

"पाच देशांचं एकमत झालंय, बेलसरे," त्या म्हणाल्या. "विरोधात तुम्ही एकटे आहात."

मी मुकाट्यानं स्टोअरमध्ये गेलो. जुनी अँटेना खोक्यात होती. उलटी केली. बुडाला काहीतरी हिरवट, गोल, चिकटलेलं होतं. सतरा वर्षांच्या पाऊसपाण्यात पितळ आणि ॲल्युमिनियम एकजीव झालं होतं, म्हणून काढताना वेगळं जाणवलंच नाही. ती चकती हातोडीनं ठोकून सोडवताना मला काँक्रीटचा तो दिवस क्षणन् क्षण आठवला.

आता मी काय केलं असेल? मॅडमना जाऊन सांगितलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचा माझ्याबद्दलचा समज चांगला आहे. मी चकती खिशात घातली. अँटेना बदलली की आकड्यांत असा धक्का बसतो, गणितात त्याला जागा असते. मॅडम तो अंदाजानं भरून काढतील, सभेत मी दोन इंग्रजी शब्द वापरीन, आणि प्रकरण मिटेल, असा माझा बेत होता.

रविवारी दहाला पार्किंगमध्येच सभा. खांबाभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या. मॅडम कागद घेऊन पहिल्या रांगेत. आपट्यांनी घड्याळ पाहून सुरुवात केली.

"दोन शक्यता आहेत. एक, आपली इमारत खचते आहे. दोन, यांचं यंत्र बिघडलं आहे. पहिलं असेल तर बिल्डरला बोलावतो, दुसरं असेल तर खांब फोडायला ब्रेकरवाल्याला. बेलसरे, कुणाला फोन लावू?"

मी उभा राहिलो. म्हणालो की बहुप्रणालीय मापनात सुरुवातीच्या काळात असे तांत्रिक स्थित्यंतराचे परिणाम संभवतात.

"सर, सिंपल सांगा ना," रसिका नावाची एक मुलगी म्हणाली. अमरावतीची, खराडीत नोकरी, बी विंगमध्ये अकराव्या मजल्यावर फ्लॅट. "खचून राह्यलं का नाही? माझी आई कालपासून बॅग भरून बसली आहे."

"खचत नाहीये."

"मग यंत्र बिघडलंय," आपटे म्हणाले.

"बिघडलेलं नाही."

"वा. म्हणजे इमारत ठीक, यंत्र ठीक, आणि सोळा मिलिमीटर हवेत."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. खिशातली चकती मांडीला टोचत होती. पुढे मी ती स्वतःहून काढली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण मागच्या रांगेतून तात्या उठले, काठी टेकत खांबापाशी आले आणि टोपड्याची झालर वर करून आत वाकून पाहिलं.

"आरं बेलसरे, ती चकती कुटं गेली? मी करून आणल्याली?"

"कसली चकती?" मॅडमनी विचारलं.

मी ती काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. दांडा, लेथ, रकाना, शून्य. चकतीमुळे अँटेना इतकी वर्षं उंच होती आणि वहीत ती शून्यावर होती, म्हणून खांबच तेवढा उंच आहे असं गणित समजत होतं. चकती गेली आणि खांब गणितात खाली आला. जागचं काहीच हललं नव्हतं.

"असं तुम्ही म्हणता," आपटे म्हणाले. "सतरा वर्षं शून्य म्हणत होतात." त्यांनी घरून व्हर्नियर मागवला. मखमली पेटीतला, खडकीचा. चष्मा बदलला, चकतीवरची हिरवी पुटं रुमालानं पुसली आणि तीन ठिकाणी मापलं.

"तुमच्या उपग्रहांचं काय म्हणणं आहे, बाई?"

"सोळा," मॅडम म्हणाल्या.

"सोळा पूर्णांक शून्य दोन." आपट्यांनी व्हर्नियर पेटीत ठेवला, पेटी बंद केली. "वीस हजार किलोमीटरवरून. हे यंत्र चालू आहे. कलम लागू. जनरेटर मागच्या भिंतीकडे न्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बिघाड होता, पण तो यंत्रात नव्हता."

रसिकानं तिथूनच आईला फोन लावला. "बॅग खोल आता. काही नाही, एका सरांनी लिहायचं ते लिहिलं नव्हतं." माझ्या सतरा वर्षांचा यापेक्षा नेमका गोषवारा मला आजवर जमलेला नाही.

संस्थेत परत आल्यावर मॅडमनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि पेन दिलं. मी शून्यावर रेघ मारून सोळा मिलिमीटर लिहिलं आणि शेरा टाकला: 'चकतीची नोंद नजरचुकीने राहिली.'

त्यांनी वाचलं. "नजरचुकीने?"

मी तेही खोडलं. आता तिथे आहे: 'चकती मी बसवली. नोंद केली नाही.' खाली माझी सही. त्या पानाची इंग्रजी प्रत आकडेवारीबरोबर सगळीकडे जाते. जपानातला किंवा जर्मनीतला कुणी संशोधक वाघोलीचा खांब वापरायला घेतो तेव्हा त्याला आधी माझी कबुली वाचावी लागते. मॅडम म्हणाल्या, "छान." दुसऱ्यांदा, आणि शेवटचं.

एक गोष्ट मात्र लागून राहिली आहे. त्या शुक्रवारी मी जुनी आणि नवी अँटेना काही दिवस शेजारी शेजारी चालवून मग बदलायला हवी होती. तशी पद्धत आहे. ती पाळली असती तर दोघींच्या उंचीतला फरक दिसून चकती तेव्हाच सापडली असती आणि एका म्हाताऱ्या बाईची बॅग भरायची वाचली असती.

खांब अजून उभा आहे, दोन गाड्यांच्या मध्ये, पाच देशांचं ऐकत. मी महिन्यातून एकदा जातो, टोपडं पुसतो, पत्र्याला पट्टी लावून पाहतो आणि वहीत लिहितो: अँटेनाची उंची, शून्य. तात्या आता खाली उतरत नाहीत. गॅलरीतून ओरडतात.

"मोजलंस का रं, का नुसतंच लिवलंस?"

"मोजलं, तात्या."